हिरवीचा रंग

सकाळपासून बारक्याने हिरवीला इतक्यांदा पुसले होते की पुसण्यासारखे तिच्यावर काही उरले नव्हते; तरी हात थांबत नव्हता. छपराच्या पत्र्यांमध्ये बसवलेल्या काचेतून ऊन उतरत होते, तिच्या बॉनेटवर पडत होते आणि तिथून उडून भिंतीवरच्या पान्यांच्या रांगेवर जाऊन बसत होते. त्या भिंतीवर असा उजेड याआधी कधी पडला नव्हता. जुन्या हिरवीने उजेड परत दिलाच नव्हता; अंगावर येईल तो ती मुकाट पिऊन टाकत असे.

आज नाना, बारक्याचे वडील, येणार होते. सारा हिवाळा त्यांनी आधी रुग्णालयात आणि मग चालायला पुन्हा शिकवणाऱ्या टेकडीवरच्या त्या केंद्रात काढला होता. मोडलेला खुबा सांधला होता, हातात काठी आली होती, आणि घरी जाण्याआधी आपल्याला थेट वर्कशॉपवर आणावे असे त्यांनी फोनवर बजावले होते. सगळ्यांनी तिथेच जमायचे होते, कारण दुकानाचे पुढे काय करायचे ते नाना तिथेच सांगणार होते.

याचा अर्थ घरात प्रत्येकाला ठाऊक होता. थोरल्या भावाला जागा विकायची होती. नानांना आपल्या शहरात, आपल्या लिफ्टच्या इमारतीत न्यायचे होते. बारक्याला दुकान हवे होते. जागा, पत्रे किंवा पाटी यांच्यासाठी त्याला ते नको होते. नानांनी सर्वांदेखत एकदा म्हणावे, की हे पुढे याने करायचे, एवढ्यासाठी हवे होते. शाळा सुटल्यापासून तो इथे होता. या साऱ्या वर्षांत नानांनी त्याच्या कामाला कधी नावे ठेवली नव्हती आणि कधी बरेही म्हटले नव्हते. काम झाले की ते गाडीभोवती एक फेरी मारत, दार उघडत, लावत, आणि पुढच्या गाडीकडे वळत. त्या लागलेल्या दाराच्या आवाजावरून बारक्याला आपली किंमत ताडावी लागे.

म्हणून त्याने हिरवीला हात घातला होता.

ती आजोबांच्या काळची. आजोबा एका परदेशी कंपनीच्या मॅनेजरची गाडी चालवत. कंपनी गुंडाळली गेली, मॅनेजर आपल्या देशी परतला आणि ती लांबलचक, शेपटीला माशाचे पर असलेली अमेरिकन गाडी आजोबांच्या दारात राहिली. तिच्यावरच नाना इंजिन शिकले. पुढे गावोगावचे हौशी लोक आपापल्या जुन्या अमेरिकन गाड्या टेम्पोवर लादून नानांकडे आणू लागले. गंजलेली धुडे आत येत आणि वधूसारखी सजून बाहेर पडत. हिरवी मात्र त्या गर्दीत कोपऱ्यात तशीच उभी. इंजिन घड्याळासारखे चाले, ब्रेक चोख; पण अंगाचा रंग उडून खडूसारखा झालेला, टपाच्या कडेला खालचा तांबूस थर उघडा पडलेला, डाव्या पराचे टोक चेपलेले. तिचे नाव हिरवी का, असे नवखा माणूस हटकून विचारी. कुणी तिला नवी करण्याची गोष्ट काढलीच तर नाना म्हणत, "हिचं बघू निवांत."

ते निवांतपण नानांना कधी लाभले नाही, असे बारक्याला वाटे. त्याच्या धंद्यातल्या कुणालाही तेच वाटले असते. ज्याच्या हातून रोज जुन्याचे नवे होते, त्याला न रंगवलेली गाडी ही नेहमी थांबलेली गाडी दिसते; ती आपल्या पाळीची वाट पाहते आहे याविषयी त्याच्या मनात शंका येत नाही.

"त्या पॉलिशातलं थोडं माझ्या गालांना लाव रे," आत्या म्हणाल्या. नानांच्या त्या थोरल्या बहीण. वर्कशॉपमध्ये सोफा म्हणून ठेवलेल्या एका जुन्या गाडीच्या मागल्या सीटवर त्या पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"आधी पुट्टी भरावी लागेल, आत्या," ताई सुईचा दोरा दातांनी तोडत म्हणाली. "पॉलिश फार पुढचं."

"तुझ्या जिभेला काही लावू नकोस हो. तिला आयती धार आहे."

बारक्या हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

ताईला मात्र आपलाच विनोद ऐकताना कसेसे झाले. ती गाड्यांच्या सीटा शिवणारी. नवऱ्यामागे तिने त्या एका शिलाई मशीनवर घर उभे केले होते. हिरवीच्या नव्या सीटा तिच्याच हातच्या. हस्तिदंती आणि फिकट हिरवा असा दुरंगी रेक्झिन, मूळ गाडीला होता तसाच, दोन आडव्या फुगवट्यांमध्ये एक खोलगट पट्टी. टाका कुठे चुकला नव्हता. तरी शेवटची उशी आपटून बसवताना तिला पुन्हा ती दुपार आठवली, जेव्हा जुने कव्हर तिच्यापुढे होते आणि हातात पाते होते. पुढच्या सीटची डावी बाजू इतकी बसली होती की स्प्रिंगांनी तो आकारच धरून ठेवला होता. ती आईची बाजू. आई जाऊन आता किती पावसाळे लोटले. गाडीत त्यानंतर तिथे कुणी फारसे बसले नव्हते.

नानांना विचारलेस का, असे तिने तेव्हा विचारले होते. विचारल्यावर मग त्यात गंमत काय उरली, असे बारक्या म्हणाला. आणि दादा? त्याने लगेच फोन पुढे केला. सगळा रंग उतरवून नागडा झालेला पत्रा, करडा, ठिकठिकाणी हातोडीच्या खुणा. त्याचा फोटो त्याने थोरल्याला पाठवला होता, आणि खाली थोरल्याचे उत्तर होते: मस्त. होऊ दे.

थोरला उगाच कौतुक करणारा माणूस नव्हता. तो म्हणतो मस्त, म्हणजे नानांचा कल त्याला माहीत असणार. ताईने पाते चालवले.

टॅक्सीत नाना खिडकीजवळ बसले होते आणि काठी त्यांनी दोन गुडघ्यांमध्ये धरली होती. थोरला शेजारी. वाटेत फारसे बोलणे झाले नव्हते. केंद्रातल्या जेवणाला चव नव्हती, फिजिओथेरपीवाली मुलगी मात्र गोड होती, एवढे नानांनी सांगितले. आणि मग, चौकात सिग्नलला थांबल्यावर, शेजारच्या गाडीकडे पाहत ते म्हणाले की आजकाल पत्रा इतका पातळ झाला आहे की रागाने पाहिले तरी पोचा पडेल.

थोरला विमा कंपन्यांसाठी अपघाती गाड्यांची पाहणी करी. चेपलेल्या, जळालेल्या, पुरात बुडालेल्या गाड्यांभोवती फिरून कुठली दुरुस्त होईल आणि कुठली मोडीत काढायची हे ठरवणे हा त्याचा व्यवसाय. नुकसान नेमके कुठे झाले आहे ते त्याला लांबूनही दिसे. तो फोटो आला तेव्हा तो कचेरीत डबा खात होता. पाहताक्षणी त्याला सगळे कळले होते. आणि हेही, की या घटकेला नानांना एक फोन केला तर उरलेले तरी वाचेल. एका दाराचा आतला भाग, डॅशबोर्ड, सीटा अजून तशाच होत्या. त्याने फोन उलटा ठेवला, डबा संपवला, हात धुतले. मग लिहिले: मस्त. होऊ दे.

त्या वेळी त्याने स्वतःला एक कारण दिले होते. नानांचे मन त्या दुकानावरून उडाल्याशिवाय ते इथून हलणार नाहीत, आणि इथे एकटे राहिले तर पुढच्या खेपेला दुसरा खुबा मोडेल. कारण खोटे नव्हते. पण त्याच्याखाली आणखी एक थर होता.

सतरा वर्षांचा असताना एका रविवारी त्याने पॉलिश पेपर घेऊन हिरवीचे दार घासायला सुरुवात केली होती. वडलांना खूश करायचे होते. तळहाताएवढी जागा घासून होते न होते तोच नाना आले, त्यांनी पेपर हातातून ओढून घेतला आणि म्हणाले, तुझे हात जड आहेत, हे काम तुझे नाही, तू शीक. आठवड्याच्या आत त्याचे नाव दूरच्या कॉलेजात घातले गेले. पुढे कधीतरी, शेकडो गाड्या पाहून झाल्यावर, त्याच्या ध्यानात आले की हातांचा काही संबंध नव्हता. त्या गाडीला कुणीच हात लावायचा नव्हता. पण तोवर आयुष्य भलत्या रस्त्याने बरेच पुढे गेले होते. ज्याला हात लावू दिला नाही तो वाया गेला, आणि ज्याने न विचारता लावला त्याला दुकान मिळायचे, हे त्याला सहन होईना.

टॅक्सी गल्लीत वळली. "परत जायला थांबवू का हिला?" त्याने विचारले.

"सोड. हिरवी आहे ना," नाना म्हणाले.

मोठे सरकते दार बारक्याने आधीच उघडून ठेवले होते. नाना उंबऱ्याशी थांबले. आत यायच्या आधी त्यांनी नेहमीसारखा दीर्घ श्वास घेतला. थिनर, ग्रीस, लोखंडाचा कीस. आत्यांनी लगेच ताशेरे सुरू केले, की केंद्रात खाऊन खाऊन गाल वर आले आहेत आणि इकडे आपण उगाच काळजीने वाळलो. नाना म्हणाले की वाळलेली दिसत नाहीस, वळकटी तेवढी सैल झाली आहे. ताईने त्यांच्यासाठी स्टूल पुढे केले. पण नाना बसले नाहीत. त्यांची नजर मधल्या मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या गाडीवर गेली होती.

बारक्याने बाजूला सरकून वाट दिली.

नाना पुढे झाले. काठी त्यांनी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात मोकळा केला. बॉनेटपासून सुरुवात करून, बोटांच्या मागच्या बाजूने, कुठेही न दाबता, ते मडगार्डावरून दारांवर आणि दारांवरून मागे गेले. रंग चांगला आहे की वाईट हे ते कधी डोळ्यांनी पाहत नसत. इथे पत्रा तापवून आणि थंड करून पुन्हा बसवला होता, हे त्यांच्या बोटांना लागले असेल, पण जोड सापडला नाही. दोन दारांमधली फट त्यांनी नखाने वरपासून खालपर्यंत मापली. ती वर जेवढी तेवढीच खाली होती. फिकट समुद्री हिरवा, टप हस्तिदंती. कारखान्यातून निघताना असाच असणार. नानांच्या आयुष्यात इतके निर्मळ काम त्यांच्या दुकानातून बाहेर पडले नव्हते, आणि हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार नव्हते. पाय दुखत होता; तरी ते वाकले आणि पराची धार एका डोळ्याने पाहिली. बाणासारखी सरळ.

"हे कुणी बसवलं?"

"मी," बारक्या म्हणाला.

"एकट्यानं?"

"हो."

नाना सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर असे काही आले जे त्यांच्या मुलांपैकी कुणीच आजवर पाहिले नव्हते. एखाद्या मैफलीतून उठून आलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा.

"मला हे नसतं जमलं," ते म्हणाले. "खरं सांगतो. माझ्या हातून पराची कड कुठेतरी जाड राहायची. तू माझ्या पुढं गेलास."

बारक्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. ताईने मान खाली घातली; तिलाही भरून आले होते आणि त्या क्षणी तिची सगळी शंका विरघळली. आत्यांनी पदराने नाक पुसले. थोरला एकटा जिथे होता तिथे उभा राहिला, कारण पुढे काय येणार ते त्याला दिसत होते.

"दंतवैद्य खूश होईल," नाना म्हणाले. "त्याची अशीच होती ना? आपल्या हिरवीच्याच सालची. दातांपेक्षा गाडीला जास्त जपतो तो. बरं, आता आपली दाखवा. कुठं हलवलीत तिला?"

बाहेर गल्लीत कुणी तरी स्कूटर चालू करण्याचा प्रयत्न करत होते. किक बसत होती आणि इंजिन धरत नव्हते.

नानांनी कोपऱ्याकडे पाहिले. तिथे फरशीवर तेलाचा जुना डाग होता आणि वर रिकामी जागा.

"आत ओल येते म्हणून मागे घेतलीत का?"

"रंगाला पाठवलीय," आत्या पटकन म्हणाल्या. साऱ्या हयातीत प्रसंग सावरण्याचे काम त्यांनी असेच केले होते, हाताला लागेल ते पुढे करून.

नाना हसले. "हिरवीला रंग? तुझा म्हातारचळ थांबला नाही अजून." पण हसणे ओठांवर असतानाच त्यांनी बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग ताईच्या, आणि ताईने डोळे वर केले नाहीत.

थोरल्याने तोंड उघडले. ताईने मान हलवून त्याला थांबवले. त्याच्या तोंडून हे निघायला नको एवढेच तिला त्या घडीला कळत होते.

बारक्याला वाटले, अजून वेळ आहे. हो म्हणावे, ही दंतवैद्याचीच. आपली मागे आहे, उद्या दाखवतो. ते वाक्य, तू माझ्या पुढं गेलास, मग आपल्यापाशी राहील. उद्याचे उद्या.

"नाना," तो म्हणाला, "ही आपलीच आहे."

"आपलीच म्हणजे?"

"हिरवी."

नानांनी गाडीकडे पुन्हा पाहिले नाही. ते चालत डाव्या परापाशी गेले. जिथे पोचा होता तिथे त्यांनी तर्जनीचे पेर टेकवले आणि तिथेच ठेवले. तो पोचा आईने पाडला होता. गाडी शिकताना तिने हिरवी फाटकाच्या खांबावर घातली होती आणि भीतीने बाहेर यायलाच तयार नव्हती. नानांनी मग खिडकीतून आत डोके घालून तिला सांगितले होते की खांबाचेच चुकले. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. बारक्यालाही. पोचा काढताना त्याला ती आठवली होती आणि हसू आले होते. आईची चूक आपण पुसून टाकतो आहोत, यात त्याला माया दिसली होती.

"उतरवलेला रंग कुठंय?" नानांनी विचारले.

"काय?"

"घासून काढलास ना? त्याचा भुगा. कुठं टाकलास?"

"गोणीत भरला होता."

"गोणी?"

"कचऱ्याच्या गाडीत गेली, नाना. केव्हाच."

नानांनी मान डोलावली, जशी एखाद्या दूरच्या नातलगाची बातमी ऐकून डोलावतात. "मग हिरवी तिकडं गेली," ते म्हणाले. आणि मग ते स्टुलावर बसले.

नवी सीट बसवताना आपण टाकलेल्या चिंध्यांचे काय झाले, हे नानांनी विचारू नये अशी ताई मनोमन विनवणी करत राहिली. त्यांनी विचारले नाही. त्यांनी नुसते काचेतून आत पाहिले होते.

"मला वाटलं, तुम्हाला वेळच मिळाला नाही," बारक्या म्हणाला. "तुम्हीच म्हणायचात, निवांत बघू."

"टाळायला म्हणायचो रे." नानांच्या आवाजात राग नव्हता. "दिवसभर दुसऱ्यांचं जुनं नवं करत बसायचं. हिला तेवढं राहू दिलं होतं. हे काय सांगायचं असतं का कुणाला?"

"सांगायला हवं होतं," ताई म्हणाली. मग ती थोरल्याकडे वळली, आणि इतका वेळ ज्या गोष्टीकडे ती पाठ करून उभी होती तिच्यासमोर तिला यावे लागले. "एकाला माहीत होतं. दादा, तू लिहिलंस मस्त. तुझ्या त्या एका शब्दावर मी आईची सीट फाडली."

"मी कुणाला फाडायला सांगितलं नाही."

"थांबवलंही नाहीस. माहीत होतं ना तुला?"

थोरला नाही म्हणू शकला असता. पण थकवा आला होता. खरे दडवून ठेवण्याचाही एक भार असतो आणि तो त्याला आता नकोसा झाला.

"माहीत होतं," तो म्हणाला. "याच दाराला पॉलिश पेपर लावला म्हणून मला या दुकानातून काढलं. मला नाही तर कुणाला माहीत असणार? मी थांबायचं, मी शिकायचं, मी महिन्याच्या महिन्याला औषधं पाठवायची. आणि यानं विचारायचंही नाही. मी म्हटलं, होऊ दे. बघू तरी याचे हात कसे आहेत."

"माझ्यासाठी एक फोन करता आला नाही तुला," बारक्या म्हणाला.

"तू कुणाला केलास?"

आत्यांनी दोघांना गप्प बसायला सांगितले. म्हणाल्या, म्हाताऱ्याला पाणी तरी द्या कुणी, भांडायला जन्म पडला आहे. ताई पाणी आणायला गेली. नाना थोरल्याकडे पाहत होते. ती जुनी सकाळ त्यांनाही आठवत असावी, कारण त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावरून उतरून त्याच्या हातांवर आली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

"तुझे हात जड नव्हते," ते म्हणाले. "काहीतरी सांगायला हवं होतं म्हणून बोललो."

हे वाक्य ऐकण्यासाठी थोरल्याने एके काळी काहीही दिले असते. आता ते आले होते, आणि त्याला फक्त इतकेच कळले की त्याचा काही उपयोग करता येण्यासारखे आयुष्य आपल्यापाशी उरलेले नाही. तो दाराकडे पाहू लागला. बाहेरची स्कूटर एकदाची धरली आणि निघून गेली.

ताईने आणलेले पाणी नाना सावकाश प्यायले. भांडे खाली ठेवल्यावर ते म्हणाले की ज्यासाठी सगळ्यांना बोलावले ते राहूनच गेले.

"विकून टाका, नाना," थोरला म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. "काय राहिलंय इथं? माझ्याकडे चला."

"तुझ्याकडं येतो," नाना म्हणाले. थोरल्याने चमकून पाहिले. "विकायचं मात्र नाही. दुकान बारक्याचं."

भांडे उचलायला वाकलेली ताई तशीच राहिली.

"एवढं झाल्यावर?" थोरल्याने विचारले.

"एवढं झालं म्हणूनच कळलं. असं काम दुसरा कुणी करणार नाही. मीही केलं नसतं." मग ते बारक्याकडे वळले. आवाज सरळ होता, गिऱ्हाइकाशी व्यवहार ठरवताना असे तसा. "मघाशी जे बोललो ते मागे घेत नाही. कामात खोट नाही. पाटी बदल, माझं नाव काढ, तुझं लाव. पत्र्याला पावसाळ्याच्या आत डांबर मार, गळतं. आणि या गाडीचं तू ठरव. जुन्या गाड्यांचे रॅलीवाले उड्या मारतील हिच्यासाठी."

"ती तुमची आहे, नाना."

"नाही रे."

काठी टेकवून ते उठले. आधार द्यायला दोघेही मुलगे पुढे झाले. नानांनी बारक्याचा हात हळूच बाजूला केला, घाई नव्हती, झटकणे नव्हते, गर्दीत वाट काढताना अनोळखी माणसाला करतात तसा. आणि आपला दंड थोरल्याच्या हाती दिला. थोरल्याने तो घेतला. ज्याला ज्याची आस होती ते दुसऱ्याच्या ओंजळीत पडले होते, आणि बदलून घेण्याची सोय नव्हती. घरी जाऊन सामान बांधायचे, औषधांची पिशवी टॅक्सीत राहिली नाही ना ते पाहायचे, अशी बारीकसारीक बोलणी सुरू झाली. आत्या चपला शोधू लागल्या. ताईने टाके उसवावेत अशा नजरेने एकदा सीटांकडे पाहिले आणि ती आत्यांना हात द्यायला गेली.

बारक्या अजून गाडीपाशी उभा होता. दुकान त्याचे झाले होते. सर्वांदेखत, हवे होते तसे. त्याने ठरवले होते ते सारे पार पडले होते, एक शेवटचे सोडून. नानांना पुढच्या सीटवर बसवून, काचा खाली करून, नदीकडच्या लांबच्या रस्त्याने त्यांना घरी न्यायचे होते. सकाळी उठल्यापासून ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढे होते. त्याने मागचे दार उघडले, आत्यांसाठी. मग पुढचे. बिजागरीने कसलाही आवाज केला नाही.

"नाना," तो म्हणाला, "चला, मी सोडतो घरी."

नाना थांबले, मागे वळले. त्यांनी मधल्या मोकळ्या जागेत पाहिले, मग कोपऱ्यात, मग उघड्या दारातून बाहेर गल्लीत, जिथे मघाची टॅक्सी नव्हती.

"कशातून?" त्यांनी विचारले. त्यांना खरोखरच कळले नव्हते.